इंजिन बदललं, तरी गाडी घाटात बसतेच

दाणोलीकर
नमस्कार मंडळी. इथला जुना वाचक, लिहिणारा नवा. पैसे गेले, डोकं त्याहून जास्त गेलं, म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी वाट दाखवावी.

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटरचं इंजिन, दीड लाखाच्या वर किलोमीटर. टायमिंग चेनचा खडखडाट बरेच दिवस होता. एका सकाळी तो थांबला आणि गाडीही थांबली. हेड उघडलं तर व्हॉल्व्ह वाकलेले, एका पिस्टनच्या डोक्यावर खड्डा. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन काम करत बसण्यापेक्षा चालू स्थितीतलं जुनं इंजिन टाकू, लवकर होईल आणि स्वस्तात होईल. कोल्हापूरकडून इंजिन आलं, बसलं, गाडी सुरू झाली. घरी नारळ फुटला.

तेव्हापासून चैन नाही. सावंतवाडी ते कुडाळ गाडी बऱ्यापैकी पळते. आंबोली घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जोर लावला की पिवळा चेक लाइट लागतो आणि गाडीचा जीवच जातो. पॅडल तळापर्यंत दाबा, आरपीएम दोन हजाराच्या पुढे सरकत नाही. मागे एसटी, पुढे धुकं, आणि आपण पहिल्या गिअरला. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी चालते, पुढच्या चढापर्यंत.

बाकी तक्रारी: गरम असताना सेल्फ जड फिरतो. उभी असताना थरथर, आरशात मागचं काही धड दिसत नाही. कूलंट थोडं थोडं कमी होतं, गळती कुठे दिसत नाही. आतापर्यंत हायप्रेशर पंप बदलला, दोन नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) बदलले, टर्बो उघडून पाहिला, डिझेल फिल्टर नवा, बॅटरी नवी. क्लचची केबलही दोनदा बदलली, पण तिचा याच्याशी संबंध नाही.

आता गॅरेजवाला म्हणतो इंजिनच खराब निघालं, दुसरं आणू. काय करू?

बारामती_फास्ट
विका आणि सुटा. एकदा इंजिन उतरवलेली गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. माझ्या मेहुण्याने असंच करत करत गाडीच्या किमतीएवढं गॅरेजात ओतलं.

वंगणमहर्षी
बारामतीकर, 'विका' हा सल्ला फुकटचा असतो. ही गाडी आज विकायला काढली तर घेणारा पहिली चक्कर कुठे मारेल? चढावरच.

दाणोलीकर, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात उमेदीची वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं हक्काने विचारतो. आलेलं इंजिन कोणत्या गाडीतलं? हे फियाटचं १.३ मल्टिजेट आपल्याकडे इतक्या कंपन्यांनी वापरलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. भंगारात ते मुबलक मिळतं ते म्हणूनच. पण सगळी सारखी नव्हेत. ७५ पीएसवाल्याचा (पीएस म्हणजे ताकदीचं माप) टर्बो साधा, ९० पीएसवाल्याचा व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलणारा. ९० चं इंजिन टर्बोसकट आणून ७५ च्या गाडीत ठेवलं तर तुमच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) ती पाती हलवायची असतात हेच माहीत नसणार. मग चढाला दम कुठून येणार?

दुसरं, देशभर बीएस ४ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं एप्रिल २०१७ पासून, पण पुण्यामुंबईसारख्या मोठ्या शहरांत ते २०१० पासूनच होतं. त्या मधल्या काळातल्या गाड्यांत शहराची एक आणि गावाची दुसरी असा प्रकार असू शकतो. दोन्ही इंजिनांचं तेवढं जुळतं का पाहा.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. चेक लाइट लागतो म्हणता, पण बिघाडाचा कोड कोणता आला ते अख्ख्या पोस्टमध्ये नाही.

दाणोलीकर
इंजिन ७५ चंच आहे, माझ्याच मॉडेलच्या अपघातग्रस्त गाडीतलं, दोन्ही बीएस ४. टर्बो माझा जुनाच लावलाय. स्कॅनर लावला होता, 'रेल प्रेशरचा एरर आहे' असं सांगितलं. म्हणूनच पंप आणि नोझल बदलले.

चाकणची
'रेल प्रेशरचा एरर' हा कोड नाही, ती कोडची अफवा आहे. (दिवे घ्या.)

मी डिझेल इंजेक्शनमध्येच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रेल म्हणजे सगळ्या नोझलांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी सामायिक नळी. रेल प्रेशरच्या नावाखाली येणाऱ्या दोन कोडांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पी००८७ म्हणजे रेलमधला दाब खरोखरच कमी पडतोय: फिल्टर तुंबलाय, पाइपात हवा येतेय, पंप थकलाय किंवा एखादा नोझल रिटर्नमधून डिझेल परत सोडतोय. पी०१९२ आणि पी०१९३ म्हणजे दाबाबद्दल तक्रारच नाही, तक्रार दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटची आहे. सिग्नल अशक्य इतका खाली गेला तर पहिला, अशक्य इतका वर गेला तर दुसरा.

या सेन्सरला तीन वायरी असतात. पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. समजा अर्थची वायर क्षणभर सुटली. सिग्नल वर उसळतो, ईसीयूचा त्यावरचा विश्वास उडतो आणि तो इंजिन वाचवायला ताकद छाटून टाकतो. यालाच लिंप मोड म्हणतात. तुमच्या घाटात होतंय ते नेमकं हेच वाटतंय. अशा वेळी पंप बदलून काय होणार? नवा पंप, तीच वायर.

म्हणून आधी कोड अक्षर-अंकांसकट मिळवा. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीतले कोड वाचणारं छोटं यंत्र) हजाराच्या आत मिळतो, फोनवर ॲप टाका, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा.

आणखी एक प्रश्न. नव्या इंजिनाबरोबर नोझलही आले असतील. त्यांच्यावरचे कोड ईसीयूत लिहिले का? प्रत्येक नोझल कारखान्यात बेंचवर तपासतात. कुठलाच अगदी तंतोतंत माप टाकत नाही, कुणी कणभर जास्त, कुणी कमी. ते विचलन त्याच्या डोक्यावर कोडच्या रूपात कोरलेलं असतं. ईसीयू त्याप्रमाणे प्रत्येक सिलिंडरला वेळ कमी-जास्त करून देतो. तुमचा ईसीयू जुनाच असणार, कारण चावीचा इमोबिलायझर त्याच्याशी बांधलेला. म्हणजे तो अजून मेलेल्या इंजिनाच्या नोझलांचा हिशोब धरून नव्यांना डिझेल वाटतोय. थरथरीचं कारण बहुधा तिथे आहे.

वंगणमहर्षी
+१. आमच्या काळी नोझल टेस्टिंग मशीनवर फवारा बघून पास करायचो, कोड-बिड काही नव्हतं. आता फिटरच्या हातात पाना आहे पण लॅपटॉप नाही, तिथे सगळं अडतं.

रेव्ह_लिमिट
एवढं कशाला? चांगल्या पंपावरचं डिझेल भरा, इंजेक्टर क्लीनरची बाटली टाका, हायवेला तासभर तीन हजार आरपीएमवर ताणा. कार्बन जळून जाईल. माझ्या गाडीला गुण आला.

चाकणची
तुमच्या गाडीचं इंजिन कुणी उतरवलं नव्हतं. इथे तक्रार बदलीच्या दुसऱ्या दिवसापासून आहे. बाटलीने वायर जोडली जात नाही.

तिलारीचो_बाबलो
बाबा रे, इंजिन बदलल्यार वायरी कोण बघता? माझ्या गाडीचा तसाच झाला होता. इंजिन बरा आसा म्हणान सगळे सांगत, आणि गाडी काय चढ चढूक तयार नाय. मेस्त्र्यान वायरिंग उलट्या बाजून घातल्यान. तू आधी थयसर बघ, मगे इंजिन बदल.

दाणोलीकर
डोंगल आला. कोड: पी०१९३. तोच, वेगवेगळ्या वेळी साठलेला. पी००८७ कुठेही नाही.

चाकणची, तुम्हाला साष्टांग नमस्कार. नवा पंप आणि दोन नोझल मिळून जे बिल झालं ते इथे लिहीत नाही, सौ. हा धागा वाचते.

नोझलचे कोड कुणीही लिहिलेले नाहीत. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला 'याला तसलं काही लागत नाही'. डोंगलने ते लिहिता येतात का?

चाकणची
साध्या डोंगलने नाही. कोडिंग करणारा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा. जाण्याआधी चारही नोझलांवरच्या कोडचा स्वच्छ फोटो काढा आणि कोणता कितव्या सिलिंडरला आहे ते लिहून ठेवा. बदललेल्या दोघांचेही. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत गल्लत होते, भिंग घ्या. आणि इंजिन चालू असताना नोझलकडे जाणाऱ्या हायप्रेशर पाइपाच्या नटाला पाना लावू नका. तिथे आयडलला सुद्धा अडीचशे-तीनशे बार असतात. बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, मग हॉस्पिटलच.

नाखवा
सगळे रेल प्रेशरच्या मागे लागलेत. मला दुसरंच काही खटकलं. क्लचची केबल दोनदा का गेली?

दाणोलीकर
जड होत जाते आणि आतल्या आत चिकटते. काढलेल्या केबलचं आतलं प्लॅस्टिक वितळल्यासारखं होतं. फिटर म्हणाला लोकल माल असेल.

नाखवा
लोकल माल झिजतो, तुटतो. वितळत नाही. वितळली म्हणजे तिच्यातून करंट गेला.

मी मच्छीमार बोटींची इंजिनं आणि वायरिंग बघतो, तिथे अर्थिंगचे खेळ रोजचे. तुमचा सेल्फ फिरताना दोन-तीनशे अँपिअर ओढतो. प्लसच्या जाड वायरीतून करंट जातो, पण परत कसा येतो? इंजिन आणि गिअरबॉक्सच्या अंगातून, तिथून बॉडीला, बॉडीतून बॅटरीच्या मायनसला. आता इंजिन बसलेलं असतं रबरच्या माउंटिंगवर, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलेलं. म्हणून मध्ये तांब्याची विणलेली पट्टी किंवा जाड काळी वायर असते. इंजिन उतरवताना ती काढतात. चढवताना विसरतात, किंवा रंगावरच बोल्ट आवळतात. मग करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत लोखंडाची तार कोणती? क्लचची केबल.

तपासायला खर्च नाही. मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, क्लॅम्पवर नव्हे. लाल सुई गिअरबॉक्सच्या उघड्या बोल्टवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. फिरत असताना अर्ध्या व्होल्टाच्या खाली दाखवलं पाहिजे. मीटर नसेल तर जंप केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. सेल्फ एकदम तरतरीत फिरला तर निकाल लागला.

वंगणमहर्षी
नाखवा, टोपी काढली. मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो.

दाणोलीकर
मीटर १.३ व्होल्ट!

खाली वाकून पाहिलं. गिअरबॉक्सजवळ चेसिसच्या बाजूला बोल्टाचं भोक आहे, भोवती पट्टीचा जुना ठसा आहे, पट्टी नाही. जंप केबल लावून सेल्फ मारला, नव्या गाडीसारखा फिरला. माझा मुलगा म्हणाला, 'बाबा, हीच गाडी ना?'

नाखवा
पट्टी लावताना दोन्हीकडचा रंग आणि गंज सँडपेपरने खरवडून चकचकीत धातू काढा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस फासा. कोकणातली हवा आहे, नाहीतर वर्षभरात परत तेच. क्लच केबलही आता नवी टाका, ही भाजलेली आहे.

सुलभा_निंबकर
गाडीतलं मला कळत नाही, विम्याचं थोडं कळतं, म्हणून विचारते. आरसी बुकावर इंजिन नंबर बदलून घेतलात का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगी न घेता इंजिन बदललं असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी लागते. इंजिन खरेदीचं बिल लागतं, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना हरकत. बहुतेक लोक हे टाळतात आणि रोजच्या चालवण्यात काही अडतही नाही. अडतं ते क्लेमच्या वेळी, सर्व्हेअर इंजिन नंबर टिपून घेतो तेव्हा. विकताना अडतं. आणि तुमची गाडी २०१३ ची, म्हणजे २०२८ ला पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला जाईल, तिथे तर नंबर बघतातच. शिवाय भंगारातलं इंजिन चोरीच्या गाडीतलं नव्हतं हे सिद्ध करायला तुमच्याकडे बिलाशिवाय काय आहे?

दाणोलीकर
बिल म्हणून एक चिठ्ठी आहे. 'इंजिन १ नग', खाली रक्कम, सही. जीएसटी नाही, इंजिन नंबर नाही.

सुलभा_निंबकर
ती चिठ्ठी जपून ठेवा, पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंदही. आणि पक्कं बिल मागा, त्यावर इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर हवा. टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बऱ्याचदा तिथवर जावंच लागत नाही, १९१५ चा मेसेज दाखवला की बिलबुक सापडतं.

बारामती_फास्ट
म्हणजे आता गाडी नीट झाली तरी विकता येणार नाही. मी आधीच सांगत होतो :-)

दाणोलीकर
बऱ्याच दिवसांनी येतोय, जरा मोठं लिहितो.

पट्टी लावली, केबल बदलली. गरम सेल्फचा त्रास संपला. नोझलचे कोड कणकवलीला एकाने लिहून दिले. ईसीयूत चारही जुनेच होते. लिहून झाल्यावर गाडी चालू केली आणि थरथर निम्म्याने उतरली. पूर्ण गेली नाही.

पण घाटात पुन्हा तोच प्रकार, तोच पी०१९३. म्हणून तिलारीच्या बाबल्याचं ऐकून वायरिंगला हात घातला. मित्राला ड्रायव्हर सीटवर बसवलं, मी बाजूला उभा, फोनवर रेल प्रेशरचा आकडा लावलेला. नुसत्या आयडलला आकडा २७० च्या आसपास शांत. वायरिंग हाताने हलवून पाहिलं, काही नाही. मग मित्राला म्हटलं, हँडब्रेक ओढ, ब्रेकवर पाय घट्ट ठेव, रिव्हर्स टाक आणि क्लच किंचित सोड. इंजिन अख्खं पुढच्या बाजूला कलंडलं, एवढं की मी मागे सरकलो. आणि त्याच क्षणी आकडा उडाला, चेक लाइट लागला. पहिल्या गिअरला उलट्या बाजूला कलंडतं, तेव्हा काही होत नाही.

कारणं दोन निघाली. वायरिंगची जुडी हेडजवळच्या ब्रॅकेटच्या खालून जायची, ती वरून नेली होती, त्यामुळे सेन्सरकडची फांदी ताणलेली. आणि खालचा टॉर्क रॉड जुनाच परत लावलेला, त्याचं रबर फाटून इंजिन मोकळं डोलत होतं. डोललं की वायर ताणली जायची.

सेन्सरचा कनेक्टर उघडला. वरचं काळं आवरण शाबूत, वाटणारसुद्धा नाही. पिनजवळ बोटाने दाबल्यावर वायर आत मऊ लागली. आवरण कापलं तर आतल्या तारा हिरव्या पडलेल्या, दोन-तीनच पिनला धरून होत्या. त्या वायरीचं टोक नवं केलं, कनेक्टर चांगला बसवला, वायरिंग ब्रॅकेटखालून घेतलं, टॉर्क रॉड नवा. उरलेली थरथर रॉडबरोबर गेली.

परवा आंबोली चढलो. चार माणसं, एसी चालू, तिसऱ्या गिअरला धबधब्यापर्यंत. तिथे गर्दी होती म्हणून थांबावं लागलं, गाडीने थांबवलं नाही. पुढे आजऱ्यापर्यंत जाऊन आलो, एकही कोड नाही.

पक्कं बिल मिळालं. सुलभाताई म्हणाल्या तसंच झालं, १९१५ चा मेसेज दाखवला. आरटीओचा अर्ज भरायला घेतलाय.

चाकणची
वा! रिव्हर्सला होतं आणि पहिल्याला होत नाही, हे तुम्ही टिपलंत ते फार उपयोगी. पण मग घाटात पुढे जाताना का व्हायचं असा प्रश्न पडला.

दाणोलीकर
मलाही पडला होता. वळणावर क्लच दाबून गिअर खाली घेतला की इंजिन झटक्यात पुढे कलंडायचं, बहुतेक तेव्हा. चेक लाइट जोर लावताना दिसायचा, म्हणून आम्ही जोराला दोष देत होतो. गिअर बदलण्याकडे कुणी बघितलंच नाही.

वंगणमहर्षी
पटण्यासारखं आहे. आणि ते 'खराब' इंजिन?

दाणोलीकर
कम्प्रेशन मोजून घेतलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. पण टायमिंग चेनचा थोडा आवाज येतोय, सकाळी पहिल्यांदा चालू करताना.

वंगणमहर्षी
मग चेन, टेन्शनर आणि गाइड आत्ताच बदला, उद्यावर नको. पहिलं इंजिन कशाने गेलं ते आठवा. आणि तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, वेळेच्या आधी बदला. या इंजिनाचा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, काळं पातळ तेल त्याला मारतं.

दाणोलीकर
ठरलं. राहिलं कूलंट. अजून महिन्याला बाटली थोडी खाली जाते. हेड गॅसकेटची भीती वाटते.

नाखवा
पांढरा धूर? तेलात साय? गाडी थंड असताना वरचा होज दगडासारखा कडक?

दाणोलीकर
तिन्ही नाही.

नाखवा
मग आधी बाटलीचं झाकण बदला. स्प्रिंग मेली की पाणी वाफ होऊन जातं आणि डाग राहत नाही. त्याने थांबलं नाही तर कूलंटच्या बाटलीला दाब देणारा तपासणीचा पंप लावून रात्रभर ठेवा, हीटरच्या पाइपांचे क्लॅम्प बघा. इंजिन उतरवताना ते काढलेले असतात आणि जुनेच परत आवळलेले असतात.

फोंड्याची_अनघा
धागा वाचनखुणेत टाकला. आमच्याही गाडीचं इंजिन गेल्याच महिन्यात बदललंय आणि सेल्फ जड फिरतोय. आत्ता खाली जाऊन पाहिलं, पट्टी आहे पण गंजलेली आहे. कुडाळला मिळेल का, की कोल्हापूरहून मागवू?

नाखवा
कुडाळला कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मागा, 'अर्थिंग पट्टी' म्हटलं की देतो. लांबी मोजून जा, ताणून लावू नका.